गोंडवनभूमी : लुप्त खंडांची पुनर्रचना आणि तिच्या मर्यादा

१. विषयप्रवेश

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने भूशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकावे, ही प्रथमदर्शनी अनधिकारचेष्टा वाटण्याचा संभव आहे. तथापि तसे करण्यास निमित्त घडले आहे. द्रविड भाषांच्या उगमाविषयी किंवा दक्षिणेतील प्राचीन वसाहतींविषयी लिहिताना आपले पदव्युत्तर विद्यार्थी 'गोंडवनभूमी अखंड होती त्या काळी' किंवा 'हिंदी महासागरात बुडालेल्या खंडातून' अशी वाक्ये निःशंकपणे लिहून जातात. परीक्षकांच्या नजरेतूनही ती पुष्कळदा सुटतात. एका शास्त्राचा सिद्धांत दुसऱ्या शास्त्रात आणावयाचा आणि त्याची कालगणना मात्र मूळ ठिकाणीच ठेवून यावयाचे, असा हा प्रकार आहे.

प्रस्तुत लेखाचे हेतू दोन. प्राचीन खंड कसे जुळले व कसे फुटले, आणि हे आपणांस कशावरून कळते, याचे थोडक्यात विवेचन करणे हा पहिला. ह्या पुनर्रचनेचा भाषाभ्यासकाने कोणता बोध घ्यावा व कोणता घेऊ नये, हे स्पष्ट करणे हा दुसरा. भूशास्त्रज्ञ लुप्त खंडांची पुनर्रचना ज्या रीतीने करतात, ती आपल्या तौलनिक पद्धतीशी आश्चर्य वाटावे इतकी मिळतीजुळती आहे. परंतु पद्धतीचे साम्य म्हणजे काळाचे साम्य नव्हे. दोहोंत गल्लत झाली म्हणजे शास्त्राच्या नावाने दंतकथा उभी राहते.

२. नावाचा इतिहास

'गोंडवन' हा शब्द मुळात आपल्या शेजारच्या प्रदेशाचा वाचक आहे. चांदा, देवगड, गढा-मंडला येथील गोंड राज्यांचा मुलूख तो गोंडवन अथवा गोंडवाना. भूशास्त्राच्या ग्रंथांत ह्या नावाचा उत्तरपद संस्कृत 'वन' असा लावण्याचा प्रघात आहे. पण 'राजपुताना' यासारखी प्रदेशवाचक नावे पाहता 'गोंडवाना' ह्या रूपातील अंत्य घटक प्रदेशवाचक प्रत्यय असण्याची शक्यताही लक्षात ठेवली पाहिजे. 'गोंड' हे नावही इतरांनी दिलेले. ते लोक स्वतःस 'कोइतूर' म्हणवितात, आणि त्यांची गोंडी ही द्रविड कुळातील भाषा आहे.

येथे नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉटिश मिशनऱ्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. नागपूर परिसरातील खडकांतून त्याने वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले व १८५५ साली ह्या परिसराच्या भूरचनेवरील निबंध आपल्या सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला. त्याच माणसाने गोंडांमध्ये हिंडून त्यांची गीते व शब्द टिपून घेतले. १८६३ साली बुडून त्याचा अंत झाल्यावर हे कागद रिचर्ड टेंपल याने १८६६ साली संपादून छापले. गोंडवनाचे खडक आणि गोंडांची भाषा ह्या दोहोंचा आरंभीचा अभ्यास अशा रीतीने एकाच व्यक्तीच्या हातून झाला. मात्र हिस्लॉपने ही दोन टिपणे निरनिराळी ठेवली होती, हे आपण विसरता कामा नये.

पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील एच. बी. मेडलिकॉट याने १८७२ साली मध्य भारतातील कोळसायुक्त खडकांच्या मालिकेस 'गोंडवन' हे नाव दिले, व १८७६ साली ओटोकार फाइस्टमांटेल याच्या लेखनातून ते छापील स्वरूपात रूढ झाले. म्हणजे आरंभी ते केवळ खडकांच्या एका संघाचे नाव होते. ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ट झ्यूस याने १८८५ साली भारत, मादागास्कर व आफ्रिका मिळून एकेकाळी एकच भूखंड होता असे प्रतिपादन करून त्यास 'गोंडवन-लँड' म्हटले, तेव्हा हे नाव खंडवाचक झाले. लोकनामावरून प्रदेशनाम, प्रदेशनामावरून खडकनाम आणि खडकनामावरून खंडनाम, असा हा अर्थविस्तार आहे. त्यातील शेवटच्या पायरीवर गोंड लोकांचा संबंध नाममात्र उरतो. विद्यार्थ्यांच्या मनातील घोटाळ्याचे मूळ पुष्कळ अंशी येथेच आहे. नाव माणसांचे असल्यामुळे त्या खंडावर माणसे होती असे नकळत गृहीत धरले जाते.

३. पुराव्याचा पहिला थर

ओरिसातील तालचेर येथे १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधूंना एक विलक्षण थर आढळला. अतिसूक्ष्म गाळात लहानमोठे धोंडे, कोणतीही निवड न होता, मिसळलेले होते. वाहते पाणी धोंडे व गाळ वेगवेगळे करते. दोहोंना एकत्र वाहून नेऊन एकत्रच टाकणारा वाहक म्हणजे बर्फ. उष्ण कटिबंधात बर्फ, हे अनुमान त्या काळी धाडसाचे होते. १८७५ साली फ्रान्सिस फेडेन याने चांद्यानजीक पेनगंगेवरील इरई येथील पुरावा प्रसिद्ध केला. तेथे तालचेर थराखालील चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर समांतर ओरखडे उमटलेले आहेत. सरकत्या बर्फात रुतलेले दगडच असे ओरखडे काढू शकतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी विदर्भाच्या भूमीवर हिमनद्या होत्या, याची ही साक्ष आहे.

त्याच काळाचे हिमजन्य थर दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका येथेही सापडले. काही ठिकाणी तर ओरखड्यांच्या दिशेवरून बर्फ आजच्या समुद्राच्या बाजूने जमिनीकडे सरकला असे दिसते. समुद्रातून हिमनदी वर चढत नाही. अर्थात त्या बाजूस तेव्हा समुद्र नसून उंच भूमी असली पाहिजे.

हिमजन्य थरांच्या वर कोळशाचे थर आणि त्यांत ग्लॉसॉप्टेरिस ह्या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पतीचे जीवाश्म येतात. वर्धा खोऱ्यातील बल्लारपूर-वणीचा व नागपूरजवळील कामठीचा कोळसा ह्याच संघातला. ब्रॉन्न्यार याने १८२८ साली नाव दिलेली ही वनस्पती दक्षिणेकडील सर्व खंडांत आढळते. कॅप्टन स्कॉट व त्याचे सोबती १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना मृत्यू पावले, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे १६ किलोग्रॅम वजनाचे दगड सापडले. उपासमारीतही त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने होती. प्राण्यांचा पुरावाही असाच आहे. मेसोसॉरस हा लहान सरपटणारा जीव केवळ दक्षिण अमेरिका व दक्षिण आफ्रिका येथील खडकांत मिळतो. लिस्ट्रोसॉरस हा भूचर प्राणी दक्षिण आफ्रिकेत व आपल्या दामोदर खोऱ्यात आढळला होता. १९६९ साली तो अंटार्क्टिकातही मिळाला.

हा पुरावा झ्यूससमोर काही अंशी होताच. पण त्याचा त्याने लावलेला अर्थ निराळा होता. खंड जागच्या जागी आहेत आणि त्यांना जोडणारी मधली भूमी खचून समुद्रात बुडाली, असे तो मानीत असे. ह्या कल्पनेस भौतिक बाधा आहे. खंडांचे खडक समुद्रतळाच्या खडकांहून हलके असतात व खालच्या जड प्रावरणावर ते एका परीने तरंगत असतात. म्हणून एखादा विस्तीर्ण खंड समुद्रतळाच्या खोलीपर्यंत बुडणे संभवत नाही. बुडालेल्या खंडाची कल्पना शास्त्राने टाकून दिली ती ह्या कारणाने. लोककल्पनेत मात्र ती अद्याप जिवंत आहे.

४. फाटलेल्या पानाची जुळणी

आल्फ्रेड वेगेनर ह्या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे व्याख्यान देऊन प्रतिपादन केले की, मधली भूमी बुडालेली नाही. खंडच एकमेकांपासून दूर सरकले आहेत. १९१५ साली त्याने हा विचार ग्रंथरूपाने मांडला. सर्व खंडांच्या एकत्रित स्वरूपास पुढे पँजिया हे नाव रूढ झाले. आपल्या पद्धतीचे वर्णन करताना वेगेनरने वर्तमानपत्राच्या फाटक्या तुकड्यांचा दाखला दिला. कडा जुळल्या म्हणजे काम संपत नाही. एका तुकड्यावरील छापील ओळी दुसऱ्यावर अखंड पुढे जातात की नाही, हे पाहावे लागते. जितक्या ओळी जुळतील तितकी खात्री वाढते.

तौलनिक पद्धतीचा परिचय असलेल्या वाचकास यातील मर्म तत्काळ ध्यानात येईल. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार व अर्थ इतका जवळचा असूनही ते शब्द परस्परसंबद्ध नाहीत. उलट आपले 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' कानाला सर्वस्वी भिन्न वाटले, तरी ते एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दापासून आलेले आहेत. सुटे साम्य आपण पुरावा मानीत नाही. नियमित व परस्परपोषक अनुरूपता मानतो. किनाऱ्यांच्या आकारातील साम्य हे 'बद-बॅड' सारखे फसवे असू शकते. खडकांचे क्रम, पर्वतपट्टे, जीवाश्म आणि हिमचिन्हे यांची एकाच जोडणीत बसणारी अनुरूपता ही खरी कसोटी होय.

बीरबल साहनी यांनी १९३६ साली वेगेनरच्या सिद्धांताचा पुरावनस्पतींच्या दृष्टीने विचार करताना एक मार्मिक मुद्दा मांडला. भारतातील ग्लॉसॉप्टेरिस-वनस्पतिसमूह आणि चीन-सुमात्रा येथील त्याच सुमाराचा, परंतु सर्वस्वी भिन्न असा वनस्पतिसमूह आज एकमेकांच्या अगदी जवळ आले आहेत. हे सान्निध्य मूळचे असते, तर इतकी भिन्नता टिकली नसती; म्हणून त्यांच्यामध्ये पूर्वी विस्तीर्ण समुद्र असला पाहिजे व तो नंतर मिटला असला पाहिजे. दूरच्यांतील साम्याइतकाच शेजाऱ्यांतील विजोडपणाही बोलका असतो. कुळाने भिन्न असलेल्या दोन भाषा एका सीमेवर भेटतात, तेव्हा त्यांतील एक तरी अन्य ठिकाणाहून आलेली असावी असे अनुमान आपणही करतो.

दक्षिण आफ्रिकेच्या अलेक्झांडर द्यु तॉय याने १९३७ सालच्या ग्रंथात दक्षिणेकडील गोंडवन व उत्तरेकडील लॉरेशिया अशा दोन महाखंडांची मांडणी करून वेगेनरच्या पक्षास बळ दिले. तरीही बहुसंख्य भूशास्त्रज्ञ, विशेषतः युरोप-अमेरिकेतील, साशंकच राहिले. खंड सरकले असे मानले तरी त्यांना सरकविणारे बल कोणते, या प्रश्नास वेगेनरपाशी समाधानकारक उत्तर नव्हते. १९३० साली ग्रीनलंडच्या मोहिमेवर त्याचा मृत्यू झाला, तोवर त्याचा सिद्धांत सर्वमान्य झाला नव्हता. कारण ठाऊक नाही म्हणून घटनाच नाकारणे कितपत युक्त होते, हा प्रश्न आपल्याही शास्त्रास परका नाही. ध्वनिपरिवर्तनाचे नियम सिद्ध झाले, तेव्हा त्यांची कारणे कोठे ज्ञात होती?

५. दख्खनच्या खडकांची साक्ष

निर्णायक पुरावा दोन दिशांनी आला. पहिला पुराचुंबकत्वाचा. लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त कण तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. चुंबकसूची विषुववृत्ताजवळ क्षितिजसमांतर व ध्रुवाजवळ उभी राहत असल्याने, खडकात गोठलेल्या दिशेच्या कलावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येते. १९५६ साली क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्ट खडकांवर केलेले काम आणि १९५९ साली डॉइच, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांचे त्याच खडकांवरील संशोधन यांतून निष्पन्न झाले की, हे खडक थिजले तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती.

आजच्या मोजमापांनुसार हा अक्षांश सुमारे ३० अंश दक्षिण असा येतो आणि खडकांचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. पुणे आज १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे ह्या काळात उत्तरेकडे सुमारे ४८ अंशांचा, ५,३०० किलोमीटरांचा प्रवास घडला. सरासरी वेग वर्षाला ८ सेंटिमीटर येतो. आरंभी तो याहून पुष्कळ अधिक होता. आज सुमारे ५ सेंटिमीटर आहे.

दुसरा पुरावा समुद्रतळाचा. महासागरांच्या मध्यावरून जाणाऱ्या पर्वतरांगांपाशी नवा तळ निर्माण होऊन दोन्ही बाजूंस पसरतो, असे हॅरी हेस याने १९६२ साली मांडले. १९६३ साली व्हाइन व मॅथ्यूज यांनी समुद्रतळावरील चुंबकीय पट्टे हे त्या पसरण्याचेच लेखन होय असे दाखविले. यांतूनच पुढे भूपट्ट-सिद्धांत उभा राहिला. खंड समुद्रतळ कापीत जात नाहीत. खंड व समुद्रतळ दोन्ही विशाल भूपट्टांवर वाहिले जातात. पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेमुळे प्रावरण अत्यंत मंदपणे वाहते, आणि थंड होऊन जड झालेला जुना समुद्रतळ गर्तांपाशी प्रावरणात खाली ओढला जातो. ही ओढ भूपट्टांच्या गतीचे प्रमुख कारण होय. वेगेनरला न मिळालेले उत्तर असे समुद्राखाली दडलेले होते.

६. जोडणी व फाटणी

ह्या पुराव्यांवरून जी कालानुक्रमणिका सिद्ध झाली आहे, ती संक्षेपाने अशी. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, भारत, मादागास्कर, अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया यांचे प्राचीन गाभे सुमारे ६० ते ५२ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांवर आदळून गोंडवनभूमी घडली. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी ती उत्तरेकडील भूखंडास भिडली व पँजिया साकारला. महाखंडाच्या आच्छादनाखाली उष्णता कोंडते, कडांवर समुद्रतळाची ओढ चालू राहते आणि कवच ताणले जाऊन चिरा पडतात. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी मध्य अटलांटिकाच्या ठिकाणी पँजिया उसवू लागला. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिका व अंटार्क्टिका येथे प्रचंड लाव्हा उसळला. त्यानंतर गोंडवनभूमीचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत व मादागास्कर अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटले.

यापुढील भाग आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारताच्या पश्चिम कडेपासून तुटला. कर्नाटकातील मालपेजवळच्या सेंट मेरी बेटांवरील स्तंभाकार खडक त्याच सुमाराचे असून त्या फाटणीचे साक्षी मानले जातात. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. झिजून उरलेले त्याचे क्षेत्र आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीचे कडे त्याच लाव्ह्याच्या थरांचे. लगेच पुढे सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताची उत्तर कड आशियास भिडली, झ्यूसनेच 'टेथिस' असे नाव दिलेला मधला समुद्र त्या बाजूस मिटला आणि हिमालयाची उभारणी सुरू झाली. तेव्हापासून भारत आशियाचा भाग आहे.

७. तारांकित खंड

पँजियाच्या पूर्वीही महाखंड होते काय? १९६६ साली टुझो विल्सन याने अटलांटिक महासागर पूर्वी एकदा मिटून पुन्हा उघडला असला पाहिजे असे दाखविले. समुद्र उघडणे व मिटणे हे आवर्तन आहे हा विचार त्यातून रूढ झाला. त्यानुसार सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी जुळलेला व ७५ कोटी वर्षांपूर्वीपासून फुटलेला रोडिनिया, त्यामागे सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचा कोलंबिया अथवा नुना, आणि त्याहीमागे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा 'उर' अशी मालिका मांडली जाते.

ह्या नावांची घडण आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. 'पँजिया' हे ग्रीक घटकांचे, 'सर्वभूमी' अशा अर्थाचे. 'रोडिनिया' हे १९९० साली 'जन्म देणे' ह्या अर्थाच्या रशियन धातूवरून घेतलेले. 'नुना' इनुइट भाषेतील भूमिवाचक शब्द. 'उर' जर्मनमधील 'आद्य' अर्थाचा उपसर्ग. 'कोलंबिया' हे नाव २००२ साली सुचविले गेले, ते उत्तर अमेरिकेतील कोलंबिया नदीचा प्रदेश व पूर्व भारत यांच्या खडकांतील संबंधावरून. नावे सारखीच ठसठशीत आहेत, पण त्यांमागील पुरावा सारख्याच बळाचा नाही. वाचकाने सावध राहावे ते येथे.

जसजसे मागे जावे तसतसा पुरावा विरळ होतो, याची कारणे तीन. एक, आजच्या महासागरांचा बहुतेक सर्व तळ २० कोटी वर्षांहून तरुण आहे. त्याआधीचा तळ प्रावरणात गेला, आणि त्यावरील चुंबकीय लेखनही गेले. दोन, पुराचुंबकत्वावरून अक्षांश मिळतो, रेखांश मिळत नाही. एकाच अक्षांशावरील दोन तुकडे शेजारी होते की पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंस होते, हे त्यावरून ठरत नाही. तीन, जुने खडक पुढील टकरींत तापून, दबून, वितळून आपली मूळ साक्ष बदलतात. उरतात ते खंडांचे कठीण गाभे. धारवाड, सिंगभूम, भंडारा-बस्तर हे आपल्याकडील असे गाभे होत.

अशा वेळी भूशास्त्रज्ञ आपल्या परिचयाचा एक विवेक पाळतात. उपकुळे ठरविताना दोन भाषांनी सारखीच जपलेली जुनी रूपे आपण प्रमाण मानीत नाही. दोघींनी मिळून केलेले नवे बदल प्रमाण मानतो. त्याचप्रमाणे दोन गाभ्यांचे खडक सारख्याच वयाचे आहेत एवढ्याने त्यांची जोडणी सिद्ध होत नाही. जोडणीच्या क्षणी उठलेला आणि दोहोंवरून सलग जाणारा पर्वतपट्टा हवा. आपल्या पूर्वघाटाचा सुमारे १०० ते ९० कोटी वर्षांपूर्वीचा पट्टा पूर्व अंटार्क्टिकातील पट्ट्याशी जुळतो, म्हणून त्या दोन भूमी तेव्हापासून एकत्र असाव्यात असे अनुमान केले जाते. तथापि भारत समग्र रोडिनियाचा घटक होता की नाही, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. 'उर' विषयी तर सहमती दूरच आहे.

पुनर्रचित रूपापूर्वी आपण तारका घालतो. हे रूप लिखित पुराव्यात आढळलेले नाही, अनुमित आहे, असे ती तारका सांगते. खंडांच्या नकाशांवर अशी खूण छापण्याची प्रथा नाही. म्हणून वाचकानेच ती मनात घालावी : गोंडवनभूमीस जवळजवळ नको, रोडिनियास एक, कोलंबियास दोन आणि 'उर' ला तीन.

८. दोन कालगणना

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८६४ साली फिलिप स्क्लेटर ह्या प्राणिशास्त्रज्ञाने मादागास्करमधील लेमूर व त्यांचे भारत-आफ्रिकेतील आप्त यांचा खुलासा करण्यासाठी हिंदी महासागरात एक लुप्त खंड कल्पून त्यास 'लेम्युरिया' म्हटले. एर्न्स्ट हेकेल याने तेथे मानवाचा उगम झाला असावा असा तर्क केला. थिऑसफीच्या ग्रंथांनी त्याभोवती अद्भुताचे वलय निर्माण केले. आणि विसाव्या शतकात तमिळ परंपरेतील समुद्राने गिळलेल्या भूमीच्या आठवणीशी त्याची सांगड घातली गेली. सुमती रामस्वामी यांनी २००४ सालच्या ग्रंथात ह्या कल्पनेचा प्रवास सविस्तर नोंदविला आहे.

शास्त्राच्या दृष्टीने लेम्युरियाची आवश्यकता केव्हाच संपली आहे. इतकेच नव्हे, तर लेमूरांचे पूर्वजही मादागास्कर सुटा झाल्यानंतरच, तरंगत्या झाडझाडोऱ्यावरून समुद्र ओलांडून तेथे पोहोचले असावेत, असे आज मानले जाते. २०१३ व २०१७ साली मॉरिशस बेटावर अतिप्राचीन झिरकॉन स्फटिक मिळाल्याने हिंदी महासागराखाली खंडीय कवचाचा अवशेष असल्याचे दिसून आले, तेव्हा 'लुप्त खंड सापडला' असे मथळे झळकले. परंतु तो अवशेष भारत व मादागास्कर यांच्या ताटातुटीच्या काळचा आहे. त्यावर कोणी मनुष्य वावरलेला नाही.

कालमानातील अंतर आकड्यांत मांडले म्हणजे शंकेस जागा उरत नाही. आपल्या जातीच्या मानवाचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे ३ लक्ष वर्षांपूर्वीचे आहेत. भारताचा वेग वर्षाला ५ सेंटिमीटर धरला, तर मानवाच्या अस्तित्वाच्या संपूर्ण काळात भारत सरकला तो अवघा १५ किलोमीटर. मूळ द्रविड भाषेचा काळ २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका सांख्यिकीय अभ्यासात सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचा येतो. त्या भाषेपासून आजच्या गोंडीपर्यंत, तमिळपर्यंत, तेलुगूपर्यंत जो सारा विस्तार झाला, तेवढ्या अवधीत भारतभूमी सरकली सुमारे सव्वादोनशे मीटर. एका गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचेही हे अंतर नव्हे. आणि आपल्या तौलनिक पद्धतीचा आवाका आठ-दहा हजार वर्षांपलीकडे सहसा जात नाही. तेव्हा ५ कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीने वा ८.८ कोटी वर्षांपूर्वीच्या फाटणीने कोणत्याही भाषेचा प्रसार, संपर्क अथवा विभाजन स्पष्ट होणे अशक्य आहे.

यावर असा आक्षेप येईल की, मग समुद्राने भूमी गिळल्याच्या कथा निखालस खोट्या मानावयाच्या काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, समुद्रपातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती आणि श्रीलंका भारताशी भूमीने जोडलेली होती. पुढे पाणी चढले व किनाऱ्याच्या सपाट पट्ट्या बुडाल्या. मानवी स्मृतीच्या दृष्टीने विचारात घ्यावी अशी घटना असेल, तर ती ही. खंडांची फाटणी नव्हे. मात्र अशा आठवणी कथेत किती टिकतात, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्याचा निर्णय कथेच्या पाठपरंपरेवरून व्हावा, भूशास्त्रातील एखादे भारदस्त नाव उसने घेऊन नव्हे. परशुरामाने समुद्र हटवून कोकण वसविल्याच्या कथेसही हाच न्याय लागू आहे.

९. समारोप

गोंडवनभूमीचा सिद्धांत हा मानवी बुद्धीच्या मोठ्या विजयांपैकी एक होय. इरईचे ओरखडे, कामठीची पाने व दख्खनच्या खडकातील चुंबकीय दिशा अशा सामान्य दिसणाऱ्या खुणांवरून कोट्यवधी वर्षांपूर्वीचा भूगोल वाचला गेला. ह्यांतील कित्येक खुणा आपल्याच प्रदेशात आहेत, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु त्या वाचनाचे सामर्थ्य ज्या शिस्तीत आहे, ती शिस्त सोडून केवळ निष्कर्ष उचलणे हा त्या शास्त्राचाही उपमर्द आहे आणि आपल्या शास्त्राचाही. गोंडीच्या अभ्यासकापुढे खरे काम उदंड आहे. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ३० लक्ष भाषकांनी मातृभाषा म्हणून नोंदविलेली ही भाषा अनेक राज्यांत विखुरलेली आहे आणि तिच्या बोलींचे वर्णन अद्याप अपुरे आहे. तिला प्राचीनत्वाचा मान देण्यासाठी लुप्त खंडाची गरज नाही. तिचे शब्द, तिची गीते व तिचे व्याकरण काळजीपूर्वक टिपून ठेवणाऱ्यांची आहे.

म्हणून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास एवढेच सुचवावेसे वाटते. भूशास्त्रापासून पद्धत अवश्य शिकावी : सुट्या साम्यावर विसंबू नये, परस्परपोषक पुरावा मागावा, पुनर्रचितास पुनर्रचितच म्हणावे. कालगणना मात्र ज्या त्या शास्त्राचीच वापरावी. आणि लेखणीतून 'गोंडवनभूमी अखंड असताना' हे शब्द उतरू लागले की, पुढील वाक्यात मनुष्य येत नाही ना, हे एकदा तपासून पाहावे.